मधला तुकडा मानाचा

घनाच्या सगळ्या बाजू सारख्या असतात आणि म्हणून माझी विहीण माझ्याशी धड बोलत नाही.

झालं असं की, नव्या जावयाचा लग्नानंतरचा पहिला वाढदिवस आमच्याकडे, हेंद्रेपाड्यात ठरला. बायकोने बजावलं, "विहीणबाई येणार आहेत. लग्नात त्यांनी मिठापासून मंगलाष्टकांपर्यंत नावं ठेवली. यावेळी बोट ठेवायला जागा देऊ नका."

गोल केक म्हणजे भांडण. एकाला फोड, दुसऱ्याला चतकोर. माझं आयुष्य अंबरनाथच्या कारखान्यात ड्रॉइंग काढण्यात गेलेलं. मी ठरवलं, केक घनाकृती! लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी नऊ इंच. प्रत्येक दिशेने दोन काप. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस तुकडे, आणि माणसंही सत्तावीसच. (बायकोने विचारलं, "चव कुठली?" हे मला सुचलंच नव्हतं.)

उल्हासनगर कॅम्प चारचा केकवाला ड्रॉइंग बघून म्हणाला, "साईं, ये केक है के पेटी?"

"पेटी समझो. बीच में क्रीम का थर नहीं मंगता, काटते टाइम माप सरकता है."

"नीचे लगाऊं?"

"नीचे कायको? पुठ्ठा कोण चाटेगा?" मी म्हणालो आणि स्वतःच हसलो.

मेणबत्त्या विझल्यावर मी खिशातून पट्टी काढली, खुणा केल्या, कापलं. विहीणबाई चष्मा लावून पुढे आल्या. "व्याहीबुवा, अगदी रेघेत कापलंत हो." त्यांच्या तोंडून कौतुक! बायकोचे डोळे पाणावले. मला चेव आला.

कलिंगडाचा मधला गाभा आपण पाहुण्यालाच देतो ना? त्याच हिशेबाने मी जाहीर केलं, "अगदी मधला तुकडा जावईबापूंना. त्याच्या खालचा विहीणबाईंना."

बशा वाटल्या. पंचवीस बशांत कमीजास्त क्रीम होतं. या दोन बशांत नुसता कोरडा पाव. क्रीम लावलेलं वरून आणि चार बाजूंनी, ते पोटात कुठून शिरणार?

जावई भला माणूस. "छान आहे, पप्पा. जरा पाणी मिळेल?" एवढंच म्हणाला. विहीणबाईंनी मात्र आपला तुकडा उलटा केला, आडवा केला, सहाही बाजू तपासल्या. मग त्यांची नजर माझ्या बशीकडे गेली. यजमानाने मागे राहावं म्हणून मी मोठ्या मनाने कोपऱ्यातला तुकडा घेतला होता. वरच्या कोपऱ्यातला. त्याला तिन्हीकडून क्रीम, शिवाय माथ्यावर गुलाब.

"आकार सारखाच आहे हो," मी म्हणालो. बायको उठून स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या होळीला अंबरनाथला त्यांच्याकडे जेवायला गेलो. विहीणबाईंनी मला स्वतःच्या हाताने पुरणपोळी वाढली. मी घास मोडला. आत पुरण नाही. दुसऱ्या टोकाला मोडून पाहिलं, तिथेही नाही. शेजारी जावयाची पोळी पुरणाने फुटत होती.

मी मान वर केली. विहीणबाईंनी ताटाशेजारी हळूच पट्टी ठेवली.

"मोजून घ्या, व्याहीबुवा. सगळ्या सारख्याच आहेत."

मी मोजली. खरंच सारखी होती.