माखिनची हंडी

माखिनच्या घशाखाली अन्न उतरत नव्हतं, याचं खापर तिच्या सासूनं, जैतुनबीनं, आधी पाण्यावर फोडलं, मग हवेवर, मग शेजारच्या रोशनबीच्या नजरेवर. खरं कारण अगदी सरळ होतं. माखिन रंगूनची. तिकडे सागवानाच्या वखारीत मिस्त्री असलेल्या नजीरशी तिचा निकाह झाला, आबिदा हे नाव मिळालं, आणि अडतीस साली दंगल पेटून हिंदी माणसांच्या जिवावर बेतलं तेव्हा ती त्याच्याबरोबर बोटीत बसली. एक वर्ष काढ, नजीर बोटीवर म्हणाला होता, नाहीच करमलं तर पुढचा पावसाळा संपला की तुला आईकडे घेऊन जाईन. त्या शब्दावर ती कलकत्त्यापर्यंत ओकत आली आणि तिथून नाशिकपर्यंत रडत.

नाशिकात भद्रकालीमागच्या बोळात दोन खोल्या होत्या आणि दाराला तरटाचा पडदा. रंगूनला स्वतः बाजारात बसून मासळी विकणारी, गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनवणारी ही बाई; इथं पडद्याबाहेर पाऊल टाकलं की गल्लीतली पोरं 'चिनी, चिनी' करत मागे लागत. नजीरनं मग तिचं बाहेर जाणंच बंद केलं. पोरांना दटावण्यापेक्षा बायकोला कोंडणं सोपं. पुरुषांना हा उपाय नेहमी आधी सुचतो.

जैतुनबी मात्र वाईट नव्हती. सुनेसाठी ती भाकरी मऊ करून द्यायची, सालन कमी तिखट करायची, घोटीचा तांदूळ मागवून भात टाकायची. माखिन चार घास घेई आणि हात धुई. तिला आंबट हवं होतं. तिकडे चिनबाऊं म्हणतात त्या आंबट पाल्याची भाजी, त्यात बांबूचे कोंब आणि सुकवलेले झिंगे. हे इथल्या लोकांना सांगायचं तरी कसं? त्या पाल्याचं इथलं नाव नजीरलाही माहीत नव्हतं, आणि खुणा करून करून ती थकली. जैतुनबीनं एकदा चिंच आणून दिली, एकदा कैरी. दिवस गेले असावेत असं समजून रोशनबीनं तर गल्लीत साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली होती.

हळूहळू माखिनच्या एक गोष्ट ध्यानात आली. आपण जितकं वाळतो, तितका नजीर नरम पडतो. आषाढात तिचे गाल बसले तेव्हा जैतुनबीच लेकाला म्हणाली की पोरगी इथं जगायची नाही, तिला तिच्या आईकडे पोचव. नजीरनं रंगूनच्या वखारीला पत्र टाकलं. दसऱ्यानंतर कामावर ये, असं उत्तरही आलं. आता पत्राला होकार कळवायचा आणि बोट गाठायची, एवढंच उरलं होतं. माखिन रात्रंदिवस तेवढंच मोजत होती. भूक आता तिच्या बाजूनं होती.

श्रावणातल्या एका मंगळवारी जैतुनबी दर्ग्यावर गेली होती. घोटीकडची भाजीवाली साळूबाई पाटी घेऊन बोळात शिरली आणि पाऊस चुकवायला नेमकी याच दारात टेकली. पडद्याच्या फटीतून माखिननं पाटीत पाहिलं. लाल देठांचा, बोटांसारखी पानं असलेला पाला. शेजारी सोललेले पांढरे कोंब. तिनं पडदा सारून एक पान तोडलं आणि चावलं, अन् तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अंबाडी हाय बाई ती, आंबाट," साळूबाई गोंधळून म्हणाली. "इतकं काय रडाया झालं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. सगळ्या जिल्ह्यात अंबाडी उगवते, पण जैतुनबीच्या नवऱ्याला आंबट भाजी खपत नसे, म्हणून तो वारल्यावरही त्या घरात अंबाडी शिरली नव्हती.

माखिननं हातातली एक बांगडी देऊन दोन जुड्या आणि कोंब घेतले. शिंक्यात सुकट होतीच. कोंब उकळून कडू पाणी टाकलं, तेलात लसूण आणि मिरच्या परतल्या, सुकट टाकली, वर सगळा पाला घातला. सासू यायच्या आत खायचं आणि हंडी घासून पालथी घालायची, असा तिचा बेत होता. पण त्या वासात तिला वेळेचं भान राहिलं नाही. भात वाढून घेते न घेते तोच पडदा हलला आणि जैतुनबी आत आली.

आता माखिनच्या आईची शिकवण आडवी आली. त्यांच्याकडे घरातलं वडील माणूस समोर असताना पहिला घास आपण घ्यायचा नसतो. आधी त्यांच्या ताटात वाढायचं, मग आपण. लहानपणापासून हाताला लागलेलं वळण. विचार करायच्या आधीच तिनं भात आणि भाजी सासूच्या ताटात घातली.

जैतुनबी खाली बसली. या घराची रीत अशी की सून आपल्या हातानं रांधून सासूच्या ताटात वाढत नाही तोवर ती पाहुणी. पाहुणी रुसली तर तिला माहेरी पोचवतात. एकदा तिनं वाढलं की ती घरची, मग तिचं माहेर भेटीपुरतं. सुनेनं आपण होऊन हंडी चढवावी, म्हणून म्हातारीनं अकरा महिने तिला रांध असं म्हटलं नव्हतं. आणि ही रीत सुनेला कुणी सांगितलीही नव्हती, कारण सांगून केलं तर ती रीत कसली.

म्हातारीनं घास घेतला, आंबटानं डोळे मिटले, दुसरा घेतला. मग आपल्या गळ्यातली चांदीची हसली काढून सुनेच्या गळ्यात घातली.

"अब तू मेहमान नै, बेटी. घर की हो गयी."

वाटीभर भाजी रोशनबीकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत बोळभर बातमी झाली. नजीर कामावरून आला तो हसतच. तोही ताट चाटूनपुसून जेवला. मग त्यानं माखिनला घरची ती रीत समजावली आणि म्हणाला की रंगूनला उद्याच नकार कळवतो. दंगलीनंतर तिकडे परतायची त्याला आतून धास्ती होती. ती आज उतरलेली त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"मला आईकडे जायचंय," माखिन म्हणाली. "तू शब्द दिला होतास."

"करमलं नाही तर, असं म्हणालो होतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती सुटका होती. "आता पाला मिळाला, कोंब मिळाले. अम्मा साळूबाईला दर मंगळवारी यायला सांगणार आहे. तुला अजून काय हवंय?"

तिनं जैतुनबीकडे पाहिलं. म्हातारी प्रेमानं तिचंच ताट वाढत होती. हे आपण आईच्या वळणानं केलं, इथली रीत आपल्याला माहीत नव्हती, असं सांगायला तिच्याजवळ इथल्या भाषेतले शब्द नव्हते, आणि असते तरी त्या म्हातारीला ते सांगवलं नसतं. तिनं ताट पुढे ओढलं. तिला कडकडून भूक लागली होती, आणि त्या भुकेचा तिला इतका संताप आला की ती हुंदके देत, न थांबता, सगळं संपेपर्यंत जेवत राहिली.