सरूची शिडी

सरू गेल्याचा फोन आला तेव्हा माझे मालक जेवत होते. फोन तिच्या मुलाचा, चंद्रपूरच्या दवाखान्यातून. मी म्हटलं, "सरू गेली." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, ताट बाजूला सारलं आणि उठून नदीकडे निघून गेले. माझी आई गेली तेव्हाही निरोप असाच जेवताना आला होता. तेव्हा त्यांनी आधी भात संपवला, हात धुतला, मग म्हणाले, "चाल, निघू." सरूसाठी मला रडू आलं, पण नंतर. आधी मी त्या ताटाकडे पाहत बसले... माझ्या वेळेला हे ताट सारतील का, एवढंच डोक्यात.

सरू माझी धाकटी जाऊ. माझे मालक तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोला शिवायचं नाही, तिने त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. एका घरात राहायचं, एका चुलीवरचं खायचं, आणि बोलायचं ते माझ्या तोंडून. ते अंगणात बसून मला म्हणत, "विचार तिले." ती दाराआडून म्हणे, "बाई, सांगा त्यायले." दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येई. तरी मी मधे उभी राहून तेच पुन्हा बोलायची. माझा दीर घुग्घुसच्या खाणीत कामाला होता, कधीमधीच घरी येई, त्यामुळे घरातलं निम्मं बोलणं या दोघांचंच. तोंड तेवढं माझं.

आमची नाव वैनगंगेवर चाले. पोंभुर्ण्याकडची माणसं पलीकडे चामोर्शीच्या बाजूला न्यायची आणि आणायची. वारा चांगला सुटला की मालक काठीला शीड चढवत. नाव काठाला लागते ती तोंडाने. तोंड रेतीवर चढलं की ती हलत नाही, पण ते तोंड छातीएवढं उंच. बाजूने चढावं तर नाव कलते. म्हणून मालक तोंडावर उभे राहत आणि एकेकाला मनगट धरून वर ओढत. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्यांना. फक्त सरूला नाही. ती लुगडं सावरत पाण्यातून मागे जाई आणि बाजूने चढे. नाव कलली की आतल्या बायका ओरडत, "अवो सरू, बुडवतं का आमाले!"

एकदा जत्रेच्या दिवशी चढताना ती घसरली. छातीभर पाणी, धार ओढून राहिलेली. मालकांचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला... मग त्यांनी वल्हं पुढे केलं. वल्हं धरून ती वर आली. लोक म्हणाले, रीत राखली. मी त्या थांबलेल्या हाताकडे पाहत होते. माझ्यासाठी तो हात कधी थांबला नाही, याचं मला सुख वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला वर ओढताना ते दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत असत.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, नावेच्या तोंडाला शिडी पाहिजे. मी लगेच म्हटलं, लोखंडाची करा. माझा भाऊ कोरपन्याला वेल्डिंगचं काम करायचा. दाराआडून सरू म्हणाली, "बाई, सांगा त्यायले, लोखंड रेतीत रुतते. बांबू हलका, पाण्यासंगं उचलते. अन् पायऱ्याले गोल दांडे नोका लावू म्हणा, चापट फळ्या मारा. ओला पाय सरकते."

मी सांगितलं, "ती बांबूची करा म्हणते. तिले काय समजते नावेतलं!" शेवटचं वाक्य माझं होतं.

मालकांनी तेव्हा माझं ऐकलं. लोखंड टिकेल, म्हणाले. भावाने नावेला अडकवायला वर दोन आकडे लावून, लाल रंग देऊन शिडी पाठवली. पहिली मीच चढले, सगळ्यांना दिसेल अशी. मग धारेने नावेचा मागचा भाग फिरवला, शिडीचे पाय रेतीत रुतलेलेच राहिले, आणि आकड्यांनी तोंडाची एक फळी उचकटून काढली. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन अंगणात बसले आणि म्हणाले, "विचार तिले, फळ्या किती रुंद पाहिजे."

बांबूची शिडी चांगली निघाली. बायका डोक्यावर गाठोडं घेऊन कोणाचा हात न धरता चढू लागल्या. गावात तिचं नावच पडलं, सरूची शिडी. बांबू बदलत गेले, नाव तेच राहिलं. माझे गुडघे गेल्यापासून मीही तिच्यावरूनच चढते. शिडी चांगली झाली, हे सरूला मी कधी बोलले नाही. ती वाईट असती तर सोपं होतं. मी तापाने पडले तेव्हा माझं सगळं तिने केलं, आणि परतून कधी बोलून दाखवलं नाही. त्याचाही मला राग येई.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, सांगा त्यायले, शिडीची खालची फळी सडली. पाय नोका ठेवू म्हणा."

मी म्हटलं, "अवो, लेकाचं काई बोल. नातवाचं बोल. शिडीचं काय घेऊन बसली!"

ती हसली. "अजून जळून राह्यले का बाई?"

"हो."

"जळा. पण निरोप सांगजा."

सांगितला. मग ती गेली, दिवस झाले, पाहुणे परतले. गेल्या आठवड्यात मालकांनी शिडी अंगणात आणून आडवी केली. नुसती फळीच नाही, बांबूही पोखरले होते. नवीच करावी लागणार. ते बराच वेळ शिडीवरून हात फिरवत बसले आणि मान वर न करता म्हणाले, "विचार तिले, कशाची करू?"

मी उठले. सरूच्या खोलीत गेले. दोरीवर तिचं लुगडं तसंच होतं, ते कोणी काढलेलं नाही. थोडी उभी राहिले आणि बाहेर आले. म्हटलं, "ॲल्युमिनियमची घ्या म्हणते. हलकी असते, रुतत नाई, सडत नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुहं बोलणं आहे," ते म्हणाले. "तिचं नाई."

"हो, माहंच आहे. आता माहंच आयका लागन तुमाले."

ते उठले, कोयता घेतला आणि बांधावरचा बांबू पाहायला निघून गेले.