विद्याधरचा पाइन आणि सोनूबाईची गाठ

पडदा वर जातो. अंधेरीच्या डी. एन. नगरातली म्हाडाची जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावरची सहा फुटांची गॅलरी. डावीकडे वाळत घातलेले दोन पंचे, उजवीकडे पाण्याचं निळं पिंप. मधोमध लोखंडी स्टुलावर पसरट कुंडी आणि तिच्यात हातभर उंचीचं, खोडात वाकलेलं पाइनचं झाड. शेजारी पाटावर विद्याधर परब, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. मोकळे सोडले की ते थरथरतात, म्हणून. जानेवारीची सकाळ आहे. मी, समोरच्या इमारतीत राहणारी म्हातारी नटी, दारात खुर्ची टाकून बसले आहे. एकच पात्र यायचं राहिलंय.

विद्याधरने सव्वीस वर्षं माझ्या नाटकांचा पडदा ओढला. संपात गिरणी गेली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. कोणाच्या तरी ओळखीने आमच्या संस्थेत आला आणि दोरीला हात लावला तो निवृत्त होईपर्यंत. टाळी चढत असताना पडदा पाडायचा नाही, ती उतरायला लागायच्या क्षणभर आधी पाडायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या कित्येक सामान्य रात्री त्याने उत्तम करून दिल्या. शेवटी आम्ही सगळे हात जोडून ओळीत उभे राहायचो, तेव्हा हा आत अंधारात दोरी धरून असायचा. "ये की रे पुढे," असं मी एकदा म्हटलं होतं. "मग पडदा कोण धरणार?" तो म्हणाला. ते खरंच होतं.

हे झाड आमच्याच एका नाटकातलं. श्रीमंताचा दिवाणखाना होता म्हणून निर्मात्याने हौसेने खरं बोनसाय आणलं. दुसऱ्या अंकात मी छोट्या कात्रीने त्याची पानं छाटत मुलाला घराबाहेर काढायची. नाटक अकरा प्रयोगांत संपलं. सोफे गेले, झुंबर गेलं, झाड विंगेत राहिलं. विद्याधर ते रिक्षातून मांडीवर घेऊन घरी गेला.

"अकरा प्रयोग मी त्याच्यावर जळत होतो, ताई," त्याने मला पुढे सांगितलं. "मुकं झाड, पण त्याला प्रवेश होता. म्हटलं, घरी नेऊन बघू तरी, असं काय आहे त्यात."

पहिल्या वर्षी त्याने त्याला तुळशीसारखं रोज पाणी घातलं आणि जवळजवळ मारलं. मग गोरेगावच्या एका नर्सरीवाल्याकडे रविवार रविवार जाऊन शिकला. विटांचा चुरा चाळून घ्यायचा, जाड वाळू धुऊन घ्यायची. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. तीन-चार वर्षांनी कुंडी बदलायची, मुळं तिसरा हिस्साच कापायची. मुळांशी पांढरी बुरशी दिसते ती धुवायची नाही, पाइन तिच्यावर जगतो. रुक्मिणीवहिनी म्हणायच्या, "आमच्या लग्नाची तारीख विसरतील, पण त्याच्या कुंडीची नाही."

आणि आता हात गेले. चौथं वर्ष संपत आलं, मुळांनी कुंडी गच्च भरली, पाणी वरच तळं करून राहायला लागलं. मागच्या वर्षी त्याने कात्री धरून बघितली; नको ती फांदी तुटली. तेव्हापासून तो झाडाकडे तोंड करून जेवत नव्हता.

बेल वाजली. सोनूबाई आली. मढची कोळीण, तरीच्या होडीने वर्सोव्याला उतरते आणि वीस वर्षं या इमारतीत मासे देते. तिनेच मागच्या आठवड्यात गॅलरीत डोकावून म्हटलं होतं, "दादूस, मी जाली विनते. मुळांचा गुता सोडवता नाय येनार मना?" विद्याधरने दोन दिवस ते टाळलं. "झाड जाऊ द्या नाहीतर तिला हात लावू द्या. काय ते ठरवा," असं वहिनींनी सुनावलं, तेव्हा कुठे हो म्हणाला.

सोनूबाईने टोपली बाहेर ठेवली, साबणाने दोनदा हात धुतले, वास घेऊन बघितला आणि पाटावर बसली. कमरेची जाळं विणायची लाकडी सुई काढली.

"ती कित्याक?" विद्याधर म्हणाला. चिडला की त्याचा पहिला शब्द मालवणीच निघतो. "मुळं सोडवायचा माझा आकडा आहे ना तिथे."

"तुजा आकडा तुज्या हाताचा. ही माज्या हाताची."

झाड कुंडीतून निघालं तेव्हा मुळांचा विटेसारखा ठोकळा झाला होता. तिने सुईचं टोक कडेने आत घातलं आणि एकेक मूळ ओढून न घेता नुसतं सोडवत गेली. मध्ये विद्याधरच्या सूचना चालूच होत्या. "हळू गो. ती पांढरी राहू दे. ते जाड मूळ नको कापू, त्याच्या खालचं."

"दादूस, तू बोल नायतर श्वास घे. दोन्ही एकदम करतोस, मना भीती वाटते."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मी विद्याधरकडे बघत होते. तो चेहरा मला ठाऊक होता. माझी भूमिका एका पोरीला दिली आणि मी तिसऱ्या रांगेत बसून तिचा पहिला प्रयोग पाहिला, तेव्हा मध्यंतरात आरशात मी तोच चेहरा पुसला होता. पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली होती.

सोनूबाईही चांगली होती. पाऊण तासात झाड नव्या कुंडीत बसलं. कुंडीच्या भोकांतून तिने जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेतला, मुळांवरून आवळला आणि कोळ्यांची गाठ मारली. खोड हलवून बघितलं. तसूभर हललं नाही.

"वा," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

पुढचे चार दिवस इमारतीत तेच. खालचे आले, वरचे आले. सोनूबाईच्या हाताला काय गुण आहे, म्हणाले. ज्याने पंचवीसहून जास्त वर्षं ते झाड जगवलं तो पंखा लावून आत पडून होता.

पाचव्या दिवशी दुपारी वहिनी भाजीला गेल्यावर त्याने सोनूबाईची गाठ कापली. नवी मुळं फुटेपर्यंत, दोन महिने तरी, झाड हलता कामा नये, हे त्यानेच आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. तरी कापली, आणि थरथरत्या बोटांनी आपली गाठ मारली. सव्वीस वर्षं बोटांत बसलेली, पडद्याची. ती गाठ एका झटक्यात सुटावी म्हणूनच मारलेली असते, नाहीतर देखावा बदलणार कसा?

दुसऱ्या दिवशी खोडावर कबुतर बसलं. गाठ सुटून झाड एका बाजूला झुकलं.

त्याने ते सरळ केलं, पुन्हा तीच गाठ मारली आणि कोणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत खालची फांदी पिवळी पडली. "काय केलं हो त्या सोनूबाईने?" शेजारच्या बाई म्हणाल्या. विद्याधर तेव्हाही बोलला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, म्हणून इथे लिहिते.

सोनूबाई आली ती सरळ झाडापाशी गेली. वाकून बघितलं. मी तिथेच होते.

"ही गाठ माजी नाय," ती म्हणाली.

विद्याधरने खिशातून हात काढला. मुठीत तिचा कापलेला दोरा होता; इतके दिवस तो घेऊनच फिरत होता.

"मी कापली," तो म्हणाला. "सगळे तुझं तुझं म्हणत होते. मला बघवेना. बाहेर तुझ्या हाताला नावं ठेवतात, तीही मी ऐकून घेतली."

तिने तो दोरा त्याच्या मुठीतून घेतला. मग शेजारच्या बाईंचं दार वाजवून त्यांना बोलावून घेतलं आणि विद्याधरला म्हणाली, "आता यांना सांग." त्याने सांगितलं. शब्द न् शब्द, माझ्यासमोर, वहिनींसमोर. मग तिने नवा दोरा काढला, गाठ मारली, कुंडी वाऱ्यातून काढून पिंपाच्या आडोशाला ठेवली आणि पापलेटं वहिनींच्या हातात देऊन गेली.

ती फांदी मेलीच. बाकी झाड दोन महिने आहे तसंच राहिलं. ना बरं, ना वाईट. विद्याधर रोज सकाळी बोट खुपसून माती बघायचा, एवढंच. एप्रिलमध्ये शेंड्यांवर पांढरे कोंभ उभे राहिले, छोट्या मेणबत्त्यांसारखे. त्याने मला गॅलरीतून हाक मारली. मी पोचले तेव्हा सोनूबाई आधीच वाकून ते मोजत होती.

"धा," ती म्हणाली. "पुन्ना कुंडी कदी बदलायची, दादूस?"

"चार वर्षांनी. जानेवारीत."

"मी येईन."

त्याने हात पुन्हा मांड्यांखाली घातले आणि झाडाकडे बघतच म्हणाला, "ये. पण मी घरात नसेन तेव्हा ये गो. असलो तर तुझी गाठ मी परत कापीन."