बागूल सरांचं खोटं पत्र

पंचवटीतल्या एखाद्या मंगल कार्यालयात लग्न असलं, की शेवटची पंगत उठताना बागूल सर हजर. जेवायला नव्हे, उरलेल्या लग्नपत्रिका मागायला. वधूपित्याला वाटायचं, मुलाकडचे कोणी लांबचे पाहुणे असतील. तो हाताला धरून पाटावर बसवायला बघायचा. "बसवू नका, पत्रिका द्या. पुठ्ठा चांगला आहे तुमचा," म्हणत सर पिशवी पुढे करायचे. घरी सुरीने त्या पत्रिकांचे चौकोन कापायचे. एका बाजूला गणपती आणि चि. सौ. कां., दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर आम्ही बी.ए.ची पोरं संशोधन करायचो.

सर इतिहास शिकवायचे. मूळचे सटाण्याकडचे. नाशकात वीस वर्षं काढून भाषा शहरी झाली होती, पण चिडले की 'आहे'चं 'शे' व्हायचं. त्यांची स्वतःची पीएच.डी. अर्धीच राहिली. सात वर्षं पुण्यातल्या मार्गदर्शकांच्या पुस्तकांच्या सूच्या करून देण्यात गेली, मग मार्गदर्शक निवृत्त झाले. संपलं. दुसरा कोणी रडत बसला असता. सरांनी आमचं कॉलेज चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या मागे लागून योजना सुरू करून घेतली : दरवर्षी बी.ए.च्या दोन मुलांना संशोधनाची शिष्यवृत्ती, वर्षभर एकच विषय, शेवटी छापील पुस्तिका आणि पुण्याला शिफारसपत्र. "आपली पोरं एम.ए.ला पोचतात तेव्हा पहिल्यांदा मूळ कागद बघतात," ते म्हणायचे. "पुण्याची पोरं त्या कागदांवर रांगत मोठी झालेली असतात. मग पीएच.डी. कोण करणार, तुम्ही?"

मी त्यांना भेटले कॉलेजच्या फाटकात. मी पत्रक वाटत होते. त्यांनी एक घेतलं आणि तिथेच उभ्याने लाल पेन्सिलीने वाचलं.

"'सगळ्या गावांत दलितांचं पाणी तोडलं.' किती गावांत गेलीस?"

"एका."

"मग एका लिही. एक काय कमी भयंकर शे?"

मला राग आला. पण पुढच्या आठवड्यात मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला.

विषय मीच निवडला : बहात्तरच्या दुष्काळात इगतपुरी तालुक्यातल्या रस्त्याच्या कामांवर आमच्या बायकांना पाणी कसं मिळालं. आम्ही बौद्ध. वडील नाशकात कारकून, पण त्यांची बहीण, माझी ठकूआत्या, घोटीजवळच्या गावात राहायची आणि त्या कामावर खडी फोडायची. आत्या आता नाही, म्हणूनच हे लिहिते आहे. तिने मला जे सांगितलं ते असं : कामावर आमच्यासाठी वेगळं पिंप होतं. दुपारी ते संपलं, की संपलं. एके दिवशी तिची जाऊ उन्हाने कोसळली. चार पावलांवर दुसरं पिंप भरलेलं. मुकादमाने त्याला हात लावू दिला नाही. जाऊ तिथेच गेली. तो मुकादम पुढे गावचा सरपंच झाला.

मी कार्डावर लिहिलं, 'एका मजूर स्त्रीने सांगितलं.' सरांनी कार्ड परत दिलं.

"कोण स्त्री?"

"सर, नाव कशाला?"

"सरकारच्या कागदात ती मजूर, तुझ्या पत्रकात ती जनता. तिला आईबापांनी नाव ठेवलं नाही का? जहागीरदाराचं पत्र असलं की आपण त्याचं नाव, गाव, तिथी सगळं लिहितो. तुझ्या आत्याचं का नाही? लिही. नाव नसलं तर उद्या कोणीही म्हणेल, पुरावा काय शे?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला त्याचा अभिमान वाटला. मी आत्याचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, जावेचं लिहिलं, मुकादमाचंही लिहिलं. पुस्तिका छापून झाली. सरांनी ती स्वतः पुण्याला पाठवली आणि मला म्हणाले, "आता तुझी जागा तिथं झाली म्हणून समज." संस्थेने आपल्या सगळ्या सभासदांना एकेक प्रत वाटली. त्यातले एक सभासद घोटीच्या भातगिरणीचे मालक होते, आणि सरपंचाचे व्याही.

महिन्याभरात आत्या गाठोडं घेऊन आमच्या दारात आली. भाताची आवणी चालू होती आणि तिला कोणी शेतात उभं करत नव्हतं. गिरणीवाला दळण घेत नव्हता. घरावर रात्री दगड पडले होते. तिने आदळआपट केली नाही. म्हणाली, "माझं नाव छापलं म्हनं. वाचून तर दाखव."

मी वाचलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"बराबर हाय," ती म्हणाली. "समदं बराबर हाय. पन म्या तुला सांगितलं व्हतं गं, गावाला नाय सांगितलं. इचारायचं तरी एकडाव."

सर त्याच दिवशी आमच्याकडे आले. संस्थेने त्यांनाही गाठलं होतं : मजकूर खोटा असल्याचं लिहून द्या, नाहीतर योजना बंद. मी पेटलेले. "सर, एक अक्षर द्यायचं नाही. मी पत्रक काढते. घोटीवर मोर्चा नेऊ."

"मोर्चा संध्याकाळी नाशकाला परत येईल. या बाई कुठे जातील?"

"इथे राहील ती."

"तुझ्या दोन खोल्यांत?" आत्या म्हणाली. "माझं घर हाय, म्हस हाय, माझी मानसं पुरलीत तिथं. म्या न्हाय राहत हितं."

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. "ठकूबाई, काय केलं म्हणजे तुम्हाला घरी जाता येईल?"

"म्हना, म्या सांगितलंच नाय."

 सरांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं, की ठकूबाईंनी असं काहीही सांगितलेलं नाही. तो मजकूर मार्गदर्शक या नात्याने मी पुराव्याशिवाय घातला. विद्यार्थिनीचा आणि बाईंचा यात दोष नाही. खाली पूर्ण नाव, सही.

"हे खोटं आहे, सर," मी ओरडले.

"आहे."

"मग मेलेल्या बाईचं काय?"

सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन एस.टी.ने घोटीला गेले, तिथून गावात, आणि सरपंचाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर ते पत्र वाचून दाखवलं. लोक हसले म्हणे. आत्याचं दळण सुरू झालं.

योजना तरीही बंद केली. पुढच्या वर्षासाठी निवडलेली दोन्ही मुलं घरी बसली. संस्थेने ठराव केला : बनावट संशोधन. सरांचे बी.ए.चे तास काढून त्यांना अकरावीला टाकलं. पुण्याहून मला उत्तर आलं नाही. मी एम.ए. बाहेरून केलं, त्यापुढे गेले नाही. सरांशी मी चार वर्षं बोलले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आमच्याकडे पुरावा मागितला, त्याने स्वतःच्या हाताने तो पुसला, हे मला सहन होत नव्हतं.

मग एकदा पंचवटीत भाजीबाजारात समोरासमोर आलो. ते खंगले होते. मी विचारलंच, "सर, त्या पत्राचं वाईट वाटतं?"

"पत्राचं नाही," ते मेथीची जुडी चाचपत म्हणाले. "पुरावा कुठून आणायचा ते मी तुम्हाला शिकवलं. ज्याच्याकडून आणला तो उद्या कुठे राहणार, हे शिकवलं नाही. मलाच माहीत नव्हतं. त्या बाईंना मी तुझ्या घरी येऊन विचारलं, ते दगड पडल्यावर."

मी माफी मागायला हवी होती, त्यांची आणि आत्याची. मी म्हणाले, "मेथी शिळी आहे, घेऊ नका."

त्या पावसाळ्यात सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली. संस्थेचे अध्यक्ष बोलले : "बागूल सर भोळे. एकदा विद्यार्थ्यांच्या नादाने त्यांच्या हातून खोटं लिहिलं गेलं, पण मोठ्या मनाने त्यांनी कबूल केलं." लोकांनी माना हलवल्या. मी उठून उभी राहिले. चौकात, फाटकात, कचेरीसमोर, कुठेही बोलताना माझी जीभ कधी अडली नव्हती. सगळं तयार होतं : खोटं कोणतं, खरं कोणतं, कोणी कोणाला वाचवलं.

"बोला ताई," अध्यक्ष म्हणाले.

तिसऱ्या रांगेत भातगिरणीचे मालक बसले होते, छत्री गुडघ्यांत धरून माझ्याकडे बघत. बाहेर पाऊस लागला होता. तिकडे आवणी चालू असणार आणि आत्या चिखलात वाकलेली असणार, कोणाच्या तरी शेतात.

"सर चांगलं शिकवायचे," मी म्हणाले, आणि खाली बसले.