आत्या बसते ना बाहेर

आमची आत्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. चादरी, डॉक्टरांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. थंडीतसुद्धा अंगाची नुसती लाही. समोरच्या भिंतीवर कुणीतरी जुन्या राजधानीतल्या दरबाराचं चित्र चिकटवलं होतं. दगडी खांबच खांब आणि गर्द सावली. आत्या म्हणायची, त्या खांबाला एकदा गाल लावून उभं राहायचंय, गारेगार असेल बघ. नोकरी संपली, तरी तिचं दुसरं मागणं नाही.

शेवटी बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, एका दिवसासाठी गाडी ठरवली. पण आमच्याकडे नमनालाच घडाभर तेल! दादाची अंघोळ, वहिनीच्या पिशव्या, बाबांचा हरवलेला चष्मा. पोचेपर्यंत दुपार कलली.

दरवाज्यावर कळलं, आत सामान न्यायला बंदी. ठेवायच्या खोलीला कुलूप आणि गाडीवाला आम्हाला सोडून लांब कुठेतरी गेलेला. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग आत्याकडे.

"ताई बसेल ना बाहेर," बाबा म्हणाले. "आपण पटकन बघून येऊ, मग तिला नेऊ."

दादाची लेक चिमणी झोपली होती, तिलाही आत्याच्याच मांडीवर दिलं. आत्याने जन्मात कधी कुणाला नाही म्हटलंय? मी थांबते म्हणाले, तर तिनेच मला ढकललं. तिला कसली घाई होती म्हणे.

आमचं पटकन म्हणजे काय सांगू! दादा प्रत्येक पाटी वाचणार, बाबा प्रत्येक खांबाशी फोटो काढणार. मी दहादा म्हटलं, अहो, आत्या बाहेर आहे. "हो, हो, निघालोच," म्हणत सगळे आणखी आत. मग माझंच डोकं फिरलं आणि मी एकटी पळत बाहेर आले.

आत्याला म्हटलं, ऊठ, मी बसते. तिने चिमणीला अलगद माझ्याकडे दिलं, केस सारखे केले आणि गुडघे धरत दरवाज्याकडे गेली. पहारेकरी म्हणाला, आत्ताच प्रवेश बंद झाला, उद्या सकाळी या. चिमणीला कडेवर घेऊन मी भांडले, हातापाया पडले. माणूस वाईट नव्हता. पण त्यालाही वरचा साहेब होता.

"जाऊ दे गं," आत्या म्हणाली. "त्याची नोकरी आहे."

बाकीचे हसत बाहेर आले. दादाला सकाळी कामावर जायचं होतं, गाडी रात्रीपर्यंतच ठरवलेली होती. बाबा म्हणाले, अरेरे, आता पुढच्या वर्षी नक्की. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या वर्षी! तिचे गुडघे पुढच्या वर्षी कुठे असतील, हे डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत.

गाडीत बाबांनी तिची समजूत काढायला मोबाइल पुढे धरला. फोटोत ते खांबाला टेकून उभे, तळहात दगडावर. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"गार होता का रे?"

"काय?"

"खांब."

बाबा गोंधळले. "लक्ष नाही गेलं, ताई."

तिने दादाला विचारलं, वहिनीला विचारलं. मग माझ्याकडे वळली. मीही टेकले होते तिथे, चांगली पाच मिनिटं. खूप आठवून बघितलं. काही म्हणजे काही सांगता येईना.