शेवटचा स्क्रू

माझा मामा शवपेट्या बनवायचा. बोलता बोलता समोरच्याला नजरेनेच डोक्यापासून पायापर्यंत मोजायची त्याला खोड होती, त्यामुळे त्याच्या घरी जेवून कोणी जरा आडवं व्हायला धजत नसे. "घाबरू नकोस, तुझ्या मापाची फळी सध्या नाहीये," असं म्हणून तोच आधी हसायचा.

कामात मात्र चोख. झाकणाचे स्क्रू तो स्वतः पिळायचा, पण शेवटचा मेलेल्याच्या घरच्यांच्या हातात द्यायचा. "मनात राग असेल तर सोडा आणि मग पिळा," एवढंच सांगायचा. लोक नाक पुसत पिळायचे. सख्ख्या भावांची जन्मभराची धुसफूस तिथे मिटलेली मी पाहिली आहे.

मग त्याच्या एकुलत्या एका लेकीला तिच्या नवऱ्याने दारूच्या नशेत जिन्यावरून ढकललं. ती गेली. तिची पेटी मामानेच केली. जावई तुरुंगात गेला, तिथेच आजारी पडला, आणि मरायच्या आधी आमच्या चर्चच्या फादरना बोलावून त्याने धाय मोकलून सगळं कबूल केलं. फादरनी त्याला देवाच्या नावाने क्षमा दिली.

त्याचं आपलं म्हणावं असं कोणीच नव्हतं. फादर त्याची पेटी सांगायला मामाकडे आले, तेव्हा मी कोपऱ्यात अस्तराचं कापड शिवत बसले होते.

"नरक आहे ना, फादर?" रंधा न थांबवता मामाने विचारलं.

"आहे."

"मग हा नाही जाणार तर कोण जाणार?"

"देव कोणाला तिथे ढकलत नाही. तो क्षमा पुढे करतो. घ्यायची की नाही ते माणसाने ठरवायचं. त्याने घेतली."

"आणि माझ्या पोरीला विचारलं का कोणी?"

फादर मापाचा कागद फळीवर ठेवून निघाले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

पेटी मामाने एरवीसारखीच नीट केली. दफनाच्या वेळी शेवटचा स्क्रू घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून फादरनी तो मामापुढे धरला. मामाने घेतला आणि खिशात टाकला. झाकणाचा तो कोपरा मोकळाच राहिला.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेत 'आम्ही अपराध्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली की मामाचं तोंड बंद. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेजारी उभी मामी त्याला कोपराने ढोसायची.

"नुसतं म्हणा हो," ती विनवायची. "पोर स्वर्गात वाट बघत असेल तुमची."

"तिथे तो असणार. त्याच्याबरोबर एका छपराखाली मी राहणार नाही."

"मग कुठे जाल?"

"तो नसेल तिथे. मला कोणी ढकलत नाहीये. माझ्या पायांनी जातोय."

पुढे लाकडाच्या भुशाने त्याची छाती धरली आणि तो अंथरुणाला खिळला. फादर मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मामीने त्याचे पाय धरले. "तू जा तिच्याकडे," तो म्हणाला. "सांग, बाप हट्टी होता." इतकी वर्षं लोकांचे राग सोडवणारा माणूस स्वतःचा राग छातीशी धरून गेला. मला अजूनही हे पचत नाही.

त्याच्या पेटीचं झाकण लागलं. त्याच्याच नियमाने मी शेवटचा स्क्रू आणि पेचकस मामीच्या हातात दिले.

"राग धरू नका त्यांच्यावर," फादर हळूच म्हणाले. "देवाची दया आपल्याला कळते त्याहून मोठी आहे."

"राग सोडला तर मला पोरीकडे जाता येईल?"

"येईल."

मामीने झाकणावरून हात फिरवला.

"पोरीजवळ देव आहे," ती म्हणाली. "यांच्याजवळ कोण आहे?"

तिने पेचकस मला परत दिला आणि स्क्रू रुमालात बांधून ठेवला.

हल्ली रविवारी ती माझ्या शेजारी उभी असते. ती ओळ आली की गप्प होते. मी चिडून मोठ्याने म्हणते, तिच्याही वाटचं.