न मारलेलं टिंब

मागच्या आठवड्यात परतवाड्याचे एक दातांचे डॉक्टर त्यांची जुनी तीनचाकी घेऊन माझ्या गॅरेजात आले. ड्रायव्हरच्या पायाशी टू-स्ट्रोक इंजिन असलेली, पूर्वी बडनेरा स्टेशनाबाहेर ओळीनं उभ्या असायच्या तसली. हल्ली या गाड्यांची हौस आली आहे. भंगारवालाही ज्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करायचा, त्यांच्यात आता नवरा-नवरी बसून फोटो काढतात. डॉक्टरांच्या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारं ॲल्युमिनियमचं झाकण, तापून वाकलं होतं. घासून चालेल की दुसरंच टाकायचं, असं त्यांनी विचारलं. मी हेड हातात घेऊन त्याच्या थंडाव्यासाठी काढलेल्या पात्यांच्या कडा पाहत राहिलो. काय शोधताय, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही.

मी टिंबं शोधत होतो. सवय जात नाही.

ही सवय उस्तादांची. मी त्यांच्याकडे लागलो तेव्हा मला दोन पोरं होती आणि आधीचं गॅरेज बुडवून झालं होतं, त्यामुळे शिकाऊ म्हणायचं वय माझं नव्हतंच. बडनेरा रोडवरच्या त्यांच्या टिनाखाली आम्ही दोघंच असायचो. वाकलेलं हेड सरळ करायची त्यांची रीत अशी: जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरायचा, त्यावर रॉकेल शिंपडायचं आणि हेड पालथं घालून आठचा आकडा काढत फिरवायचं. जोर लावायचा नाही. "हात हलका ठेव," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की घरी कणीक मळणाऱ्या बायकोलाही एकदा तेच म्हणालो, आणि जे ऐकायचं ते ऐकून घेतलं.

पण घासलं की धातू कमी होतो. आतला खळगा उथळ होतो, दाब वाढतो आणि इंजिन जास्त तापतं. म्हणून एक हेड तीनदा घासायचं, चौथ्यांदा नाही, असा उस्तादांचा नियम होता. प्रत्येक वेळी पातीच्या कडेला पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, ठोकून एक टिंब मारायचं, तेही गाडीमालकाला समोर उभं करून. "पाहून घ्या भाऊ, हे दुसरं. आता एकच राह्यलं." तो पंच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. दुसऱ्या कुणी तो हातात घेतलेला मी पाहिला नाही. टिंब मारणं म्हणजे सही करणं होतं.

बडनेऱ्याचे एक काका होते, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची तीनचाकी अशीच लग्नाच्या फोटोंना जायची. एका हिवाळ्यात ते सकाळीच गाडी ढकलत आले. हेडाखालून फुसफुस हवा मारत होती, आणि दुसऱ्या दिवशी लग्न. उस्ताद नव्हते. अकोल्याला त्यांचे थोरले भाऊ आजारी होते, तिकडे गेले होते. मी काकांना म्हटलं, दोन दिवस थांबा. ते म्हणाले, "मी थांबतो, पन लगन थांबते काय?" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवरा दूरच, गाडीवालाच बाशिंग बांधून बसला होता. गाडी माझ्यावर टाकून ते घरी गेले.

हेड उघडलं. त्यावर दोन टिंबं होती. मी काच घेतली, पेपर अंथरला आणि घासलं. हात हलका ठेवला नाही. लवकर व्हावं, आणि पुन्हा हवा मारू नये, म्हणून दाबून घासलं. टिंब मारलं नाही. पंच उस्तादांच्या खिशात अकोल्याला होता, आणि दुसरा आणून मारणं मला त्यांच्या नावानं सही करण्यासारखं वाटलं. संध्याकाळी काका आले. घासलं म्हणून सांगितलं असतं तर टिंब कुठे, हे त्यांनी विचारलंच असतं. म्हणून सांगितलं की नुसती हेडाखालची चकती, गॅस्केट, बदलली. उस्ताद आले की त्यांना सांगू आणि टिंब मारून घेऊ, असं माझ्या मनात होतं. खरंच होतं.

उस्ताद परत आले. दुपारपर्यंत एकाही गाडीला हात लावला नाही. मग चहा घेताना म्हणाले, "भाईजाननं मले इचारलं, आप कौन? त्याच्या मांडीवर खेळलो मी." कप खाली ठेवून म्हणाले, "अब्बांचंबी असंच झालं होतं. आता माही पाळी कधी येते पाहावं लागन." अशा वेळी माणूस हेडाची गोष्ट कशी काढणार? मी काढली नाही. दुसऱ्या दिवशीही काढली नाही, आणि मग ती काढायला फार उशीर झाला असं मला वाटायला लागलं. आज कळतं की तेव्हा मुळीच उशीर झाला नव्हता.

मे महिन्यात काका पुन्हा आले. हेड पुन्हा हवा मारत होतं. उस्तादांनी कडेची टिंबं पाहिली. "दोन हायेत. एक खेप बाकी हाय." मी रॉकेलची बाटली धरून शेजारीच उभा होतो. बोलायची वेळ ती होती. पण समोर काका होते, आणि त्यांच्यापुढे माझं खोटं उघडं पडलं असतं. मी मनाशी म्हटलं, उस्तादांचा नियम फार जपून केलेला आहे, एका घासण्यानं काय होतं. उस्तादांनी हलक्या हातानं घासलं, तिसरं टिंब मारलं आणि काकांना दाखवलं.

चार दिवसांनी पार पातूरच्या लेण्यांकडे फोटो काढायला जाताना, भर उन्हात, नवरा-नवरीला घेऊन चाललेली ती गाडी रस्त्यात बंद पडली. हेडाला प्लगपासून चीर गेली होती. कुणाला लागलं नाही, पण नवरीला शालू सावरत पाऊण तास बाभळीखाली उभं राहावं लागलं. काकांनी ते हेड रुमालात गुंडाळून आणलं आणि उस्तादांपुढे ठेवलं. "तुमीच तं म्हने, तीन खेपा चालते." ते चिडले नव्हते, आणि तेच उस्तादांना जास्त लागलं.

उस्तादांनी इंजेक्शनच्या सिरिंजनं हेडाच्या खळग्यात तेल भरून पाहिलं, मग तेल पुसून पुन्हा भरलं. त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी तेल मावत होतं. "हे तीन खेपांचं नाही. चारच्याबी वर हाय." वरचं ते माझ्या दाबून घासण्याचं होतं. मग बराच वेळ ते टिंबांवरून अंगठा फिरवत राहिले. शेवटी काकांकडे बघून म्हणाले, "चूक माही हाय. मी एक टिंब मारायचं भुललो." फळीवर वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं एक कोरं हेड होतं, ते उतरवून त्यांनी काकांच्या गाडीला बसवलं.

संध्याकाळी त्यांनी खिशातला पंच काढून माझ्या हातावर ठेवला. "आता तूच ठेव. माह्या हिशेबाचा भरोसा नाही राह्यला." मी म्हटलं, "उस्ताद, असं काहून म्हनता? एखादी गोष्ट भुलते मानूस." म्हणजे सांत्वन करताना मी तेच खोटं आणखी पक्कं केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेलीच राहिली, आणि आत त्यांचा पंच होता.

त्यानंतर दोन वर्षं ते गॅरेजात येत राहिले, पण हेड उघडायला कधी बसले नाहीत. स्टुलावर बसून प्लग साफ करायचे. खिशात पंचाच्या जागी चिठ्ठ्या आल्या. कुणाची गाडी, काय सांगितलं, औषध घेतलं की नाही, सगळं लिहून ठेवायचे. घरून निघताना सुनेला दोनदा विचारायचे, मी चहा पिलो ना? अकोल्याला भावाकडे जाणं त्यांनी बंद केलं. आपलं पुढचं रूप तिकडे बसलेलं पाहवत नाही म्हणाले. आणि या सगळ्यात ते काही म्हणजे काही विसरले नाहीत. रस्त्यावरून गेलेली गाडी आवाजावरून सांगायचे, तिचं इंजिन कधी उघडलं तेही सांगायचे, आणि सांगून झालं की चिठ्ठी काढून बरोबर आहे का ते पडताळायचे. ते पाहून मला स्वतःची लाज वाटायची. रोज वाटायची, आणि रोज मी शटर ओढून घरी जायचो.

ते गेले ते फुप्फुसात पाणी होऊन. भावाला झालं ते त्यांना कधीच झालं नाही. जायच्या दोन दिवस आधी दुपारी मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलो होतो. त्यांना काय वाटलं कोण जाणे, बोटांवर मोजत त्यांनी टिंबांच्या सगळ्या गाड्या म्हणायला सुरुवात केली. धारणीच्या दूधवाल्याची, तिला दोन. राजापेठेतल्या बेकरीची, तिला एक. अशा वीस-बावीस गाड्या, दम लागत होता तरी थांबत थांबत म्हणाले. काकांची शेवटी घेतली. मग माझ्याकडे पाहिलं.

"बराबर हाय?"

"एकबी चुकलं नाही, उस्ताद."

"मंग ते एक टिंब कसं चुकलं?" ते म्हणाले, आणि खरंच उत्तराची वाट बघत राहिले.

मी पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडाशी धरला.